फॉक्सप्रोचा संसार

फॉक्सप्रोचं नाव काढलं की आमच्या क्षेत्रातली तरुण मंडळी अशी बघतात, जणू मी अजून बोरू-दौतीने लिहितो. बघोत बापडी! मी ज्या पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो तिथल्या ठेवी, कर्जं, भागभांडवल सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्येच आहे. दर महिनाअखेरीला तेरीज पैशापर्यंत जुळते.

कागदोपत्री मात्र हा प्राणी केव्हाच निवर्तला. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर कंपनी घेतली, २००४ मध्ये नववी आणि शेवटची आवृत्ती आली, दहावी येणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला.

संस्थेने नवा सर्व्हर आणि विंडोज ११ ची यंत्रं घेतली, आणि कुरबुरी सुरू झाल्या. इंडेक्स टेबलशी जुळत नाही, अशी तक्रार दिवसाआड. एका काउंटरवर भरलेली रक्कम दुसऱ्यावर दिसेना. एक आजी हातात पावती घेऊन उभ्या, आणि पडद्यावर शिल्लक जुनीच! त्यांना फाइल शेअरिंग काय समजावणार? त्यांचा प्रश्न एकच, "बाळा, माझे पैसे गेले का रे?"

पैसे कुठेच गेले नव्हते. गंमत अशी की फॉक्सप्रोत सर्व्हर नुसतं कपाट असतं. हिशेबाचं काम प्रत्येक काउंटरचं यंत्र स्वतः करतं, नेटवर्कवरून तीच फाइल उघडून. आपण वाचतोय ते ताजंच आहे, यावर त्याचा भाबडा विश्वास. नवं विंडोज मात्र वेग वाढावा म्हणून फाइलची माहिती थोडा वेळ जवळ ठेवतं. मग प्रत्येकाला आपल्या जवळची वही खरी वाटते आणि इंडेक्स बिघडतो.

एकाने सल्ला दिला, जुना एसएमबी-१ चालू करा, सगळं सुरळीत होईल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ज्या दारातून जगभर शिरला, ते हेच दार. लोकांच्या ठेवी असलेल्या जागी ते उघडायला मी साफ नकार दिला.

मग साधा उपाय केला. प्रोग्राम आणि डेटा दोन्ही सर्व्हरवरच, आणि काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपने तिथे जाऊन काम. आता फाइल नेटवर्कवरून ये-जा करतच नाही, फक्त पडदा आणि कळफलक करतात. मधेच केबल निघाली तरी सर्व्हरवरचं काम जिथल्या तिथे थांबून राहतं. परवान्यांचा खर्च संचालक मंडळाला पटवायला दोन सभा गेल्या, ते वेगळं. शिवाय रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडले की आधी बॅकअप, मग इंडेक्स नव्याने बांधणी. इंडेक्स डेटावरून पुन्हा बनतो. मेमो फाइल बिघडली तर ती बॅकअपमधूनच काढावी लागते. म्हणून बॅकअप आधी.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा बदलून का टाकत नाही?" बदलायचंच आहे. टेबलाला दोन जीबीची मर्यादा आहे आणि मूळ प्रोग्रामर कधीच दुसरीकडे गेला. पण व्याज कसं मोजायचं, दंड कुठे माफ, पैसे कुठे पूर्णांकात धरायचे, हे सगळं त्या कोडमध्ये आहे, आणि दुसरं आमच्या हेडक्लार्क मॅडमच्या डोक्यात. त्या दोन वर्षांनी निवृत्त होतील. घाईत नवं आणलं तर यातलं निम्मं हरवेल, आणि हरवलं हे कळेल कुणाच्या तरी पासबुकात.

म्हणून सध्या रोज अर्धा तास मी त्यांच्याशेजारी बसून एकेक नियम साध्या मराठीत लिहून घेतो. सत्तेचाळीस झालेत. जुनं नीट चालतंय, म्हणून तर हे सावकाश करता येतंय. म्हातारा माणूस घरात धडधाकट असतानाच त्याला सगळं विचारून घ्यावं, तसं!

असो. उद्या महिनाअखेर आहे, लवकर जायचंय.