पिटमधला माणूस

पेंटबॉलच्या स्पर्धेत मैदानात एका बाजूचे पाचच जण दिसतात. हवा भरून फुगवलेल्या रंगीबेरंगी बंकरांच्या आडून गोळ्यांचा पाऊस पडतो, मिनिट-दोन मिनिटांत डाव संपतो आणि बघ्यांचे कॅमेरे सगळ्यात पुढच्या बंकराकडे झेपावलेल्या पोराकडे वळतात. जाळीबाहेर, ज्याला आम्ही पिट म्हणतो तिथे, एक माणूस गुडघे टेकून पॉड, म्हणजे गोळ्यांची नळकांडी, भरत बसलेला असतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या हौशी संघात असा एक गृहस्थ आहे. धंद्याने प्लंबर, पन्नाशी ओलांडलेला. नाव छापलं तर माझ्याशी बोलणं टाकेल, म्हणून नाव नको. बाकी मंडळी म्हणजे कॉलेजातली दोन पोरं, एक ट्रकवाला, एक नर्स आणि दादरच्या चाळीत विषामृत खेळून वाढलेला मी, असा जमेल तसा जमलेला गोतावळा. हौशी याचा अर्थ एवढाच, की खेळायचे पैसे मिळत नाहीत, भरावे लागतात. प्रवेश-फी, हवा, पेट्रोल, मोटेलची खोली, सगळं पदरचं. रंगाच्या एका खोक्यात २००० गोळ्या असतात आणि स्पर्धेच्या दिवशी खोक्यामागून खोकं कसं रिकामं होतं ते खिशालाच ठाऊक.

गोळी हे प्रकरण मोठं नाजूक. व्यास ०.६८ इंच, वरून औषधी कॅप्सूलचं जिलेटिन, आत रंग. जिलेटिनला दमट हवा सोसत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात गोळ्या फुगतात, आकार बिघडतो आणि मग त्या मार्करच्या, म्हणजे आमच्या रंगबंदुकीच्या, नळीतच फुटतात. म्हणून आमचा प्लंबर सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, खोकं सावलीत ठेवतो आणि एक गोळी उचलून नळीच्या तोंडात घालतो. आपोआप घरंगळून गेली तर नळी सैल. जिथल्या तिथे थांबली आणि मागून हलकी फुंकर मारल्यावर सुटली, तर जोडी जमली. नाहीतर दुसरी नळी, पुन्हा फुंकर. हे तो प्रत्येकाच्या मार्करसाठी करतो, एका शब्दाने न बोलता. मग ओ-रिंग. हवेच्या टाकीत ४५०० पीएसआयपर्यंत दाब असतो आणि तो सगळा रबराच्या एका इवल्याशा कड्याच्या भरवशावर. कडं चिरलं की टाकी फुसफुसायला लागते आणि खेळाडू रडकुंडीला येतो. याच्याकडे म्हाताऱ्या माणसांची गोळ्यांची डबी आहे, सोमवार ते रविवार सात कप्प्यांची. सोमवारात टाकीची कडी, मंगळवारात रेग्युलेटरची, असं ते खातं आहे. नळांच्या गळत्या काढण्यात आयुष्य गेलेलं. कान लावला की कुठल्या कप्प्यात हात घालायचा ते त्याला कळतं.

दोन डावांच्या मध्ये वेळ फार थोडा. तेवढ्यात पाच जण रंगाने माखून येतात आणि हा हातात टॉवेल घेऊन उभा. मास्कची काच, मार्कर, पाठ पुसायची, रिकामे पॉड काढून १४० गोळ्यांचे भरलेले पॉड खोचायचे, टाकीचा काटा बघायचा. पंगतीत वाढणाऱ्याची जशी स्वतःच्या जेवणावर नजर नसते, तशी याची नजर कधी स्कोअरबोर्डकडे जाताना मी पाहिलेली नाही.

तो खेळतोही, आणि बरा खेळतो. जागा मागची, तिथून पुढच्या पोरांना ओरडून सांगायचं, कोण कुठे सरकला, कोण बाद झाला. पण पिटमध्ये काम साचलं की आपला डाव दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. या खेळात लागलेला रंग हळूच पुसून खेळत राहणं ही सगळ्यात जुनी लबाडी, आणि पंचाने पकडली तर आपल्याबरोबर एक सोबतीही बाहेर जातो. एकदा निर्णायक डावात याच्या पाठीवरच्या पट्ट्याखाली गोळी फुटली. पंचाला दिसणं शक्य नव्हतं, आम्हालाही दिसली नाही. याने हात वर केला, मार्कर डोक्यावर धरला आणि चालत बाहेर आला. आम्ही तो सामना हरलो. आमच्या पोरांपैकी एकाची बरीच चिडचिड झाली. हा तोपर्यंत पुढच्या सामन्याचे पॉड भरायला बसला होता.

‘बंदुकीचा खेळ कसला खेळता?’ म्हणून मराठी मंडळातले एक काका मला दर गणपतीत टोकतात. त्यांना मी या खेळाचा जन्म सांगतो. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले. हातातली हत्यारं होती झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची, नेल-स्पॉट ००७ नावाची. चार्ल्स गेन्स हा लेखक, हेज नोएल हा शेअर दलाल आणि त्यांचा मित्र बॉब गर्न्सी यांचा वाद होता, की जंगलात निभाव शहरी माणसाचा लागेल की रानाची सवय असलेल्याचा. झेंडे गोळा करून पहिला बाहेर आला रिची व्हाइट नावाचा वनकर्मी, आणि त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नव्हती. काकांचं समाधान होत नाही, पण ते पुढचा मोदक घेतात.

आता आमचा मोसम संपत आला आहे आणि संघाने सर्वोत्तम खेळाडूची ढाल द्यायचं काढलं आहे. पोरं मोबाइलवरचे व्हिडिओ लावून कोणी किती गडी टिपले ते मोजताहेत. मला हा हिशेबच मान्य नाही. टिपलेले गडी मोजता येतात. वेळेवर बदललेलं कडं कुठल्या रकान्यात लिहाल? आमच्याकडच्या रीतीने शाल-श्रीफळ द्यावं असंही मी सुचवलं होतं, पण तो शालीने मार्कर पुसेल अशी शंका आली आणि मीच सूचना मागे घेतली. माझं मत त्यालाच आहे, आणि ते मी लेखी दिलं आहे.

ढाल मिळाली तरी तो ती गाडीच्या डिकीत टाकून पुन्हा पॉड भरायला बसणार, हे नक्की. म्हणून आमच्या पोरांना, आणि कुठल्याही हौशी संघात खेळणाऱ्या वाचकांना एक विनंती: पुढच्या स्पर्धेला अर्धा तास आधी पोचा आणि पॉड भरायला बसा. त्यालाही खेळायचं असतं. त्याचे हात मोकळे करा.