पुसलेली कविता

दोस्तांनो, एक सांगा बरं. आज तुमचं सगळ्यांत आवडतं गाणं कोणतं? आणि ते तुम्हांला पहिल्याच वेळी आवडलं होतं का? घाईने ‘हो’ म्हणू नका. नीट आठवा. तोवर मी माझी एक जुनी चूक सांगतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात. ताई वर्ध्याला होस्टेलवर राहून शिकायची. १९९९च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, ती एक कॅसेट घेऊन. नाव ‘गारवा’. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा, शब्द कवी सौमित्र यांचे. सौमित्र म्हणजेच नट किशोर कदम. पुढे २०१३ साली आलेल्या ‘फँड्री’ सिनेमात जब्याचे वडील झाले होते ना, तेच! ‘गारवा’ आला १९९८ साली. तेव्हा मराठीत असा पॉप अल्बम म्हणजे नवलच होतं.

मला मात्र तो मुळीच आवडला नाही. मला हवी होती नाचायची गाणी. इथे तर गाण्याआधी कवी चक्क कविता म्हणत होते! बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, घरात लाइटचा पत्ता नाही, आणि ताई टू-इन-वनमध्ये सेल घालून रोज संध्याकाळी तेच लावायची. सेल उतरले की कवींचा आवाज जाड व्हायचा आणि मी हसून लोळायचो. मग ताई ते सेल दुसऱ्या दिवशी उन्हात तापवायची आणि पुन्हा तेच सुरू.

“हे कायचं गानं हाय?” बाबा म्हणायचे. “अर्धा वेळ तर मानूस बोलूनच रायला!”

जूनमध्ये ताई होस्टेलवर परतली. कॅसेट घरीच विसरली. झालं! मी डाव साधला. कंपनीच्या कॅसेटला वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असायच्या. त्या मोकळ्या असल्या, की रेकॉर्डचं बटण दाबलंच जायचं नाही. पण खाचेत कागदाचा बोळा कोंबला, की काम फत्ते! मी कॅसेट अगदी सुरुवातीला नेली. रेडिओवर हिंदी गाणं लागताच बटण दाबलं. दीड-दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात लाइट गेली. गाणं अर्धवट राहिलं आणि ‘गारवा’ची पहिली कविता पुसली गेली. मला काही विशेष वाटलं नाही. ते नुसतं बोलणंच तर होतं!

पण पुढच्याच आठवड्यात आमच्या हिंदी गाण्यांच्या कॅसेटची पट्टी मशीनमध्ये गुंतून तुटली. उरल्या दोनच, आबाजींची भजनं आणि ‘गारवा’. नाइलाजाने मी ‘गारवा’ लावू लागलो. पाच-सहा वेळा ऐकल्यावर चाल आपोआप तोंडात आली. मग शब्द कळायला लागले. आणि एक दिवस लक्षात आलं, की मी कवितेच्या जागी कॅसेट पुढे पळवत नाहीये. कविता आधी मनात ढग आणते, मग गाणं बरसतं. एकाशिवाय दुसरं अपुरंच.

त्या वर्षी आमच्या गावात पेरणी झाली आणि पाऊस दडी मारून बसला. कपाशीची इवली रोपं उन्हात माना टाकू लागली. बाबा रोज वावरात जायचे, आभाळाकडे बघायचे आणि गुपचूप परत यायचे. एका संध्याकाळी ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, “तुही ताई लावे ना, ते लाव बरं. ते उन्हाचं बोलनं.”

माझ्या पोटात गोळा आला. बाबा कुरकुर करता करता महिनाभर ऐकत होते! पहिली कविता तीच तर होती, उन्हाच्या काहिलीतून पावसाकडे जाणारी. आणि ती मी पुसली होती. “पट्टी खराब झाली, बाबा,” मी खोटं बोललो. ते काही बोलले नाहीत.

रविवारी एस.टी.ने ताई आली. मी तिला बाजूला नेऊन सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाबांजवळ जाऊन बसली आणि तिने ती कविता म्हणून दाखवली. अख्खी, न अडखळता. रोज ऐकून ऐकून तिला ती पाठच झाली होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

पाऊस काही त्या दिवशी आला नाही. बाबांना दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचे पैसे उसने आणावे लागले, आणि माझी नवी सायकल राहिली ती राहिलीच.

मोठेपणी एक प्रयोग वाचनात आला. १९६८ साली रॉबर्ट झायन्स या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं आणि अनोळखी चेहरे दाखवले. काही एकदाच, तर काही चक्क २५ वेळा. जे जास्त वेळा पाहिलं, तेच लोकांना जास्त चांगलं वाटलं! म्हणजे ओळख वाढली की आवडही वाढते. पण नुसत्या ओळखीने भागत नाही हं. तुटण्याआधीच त्या हिंदी कॅसेटमधली काही गाणी मला नकोशी झाली होती. ‘गारवा’त मात्र दर वेळी काहीतरी नवं सापडत गेलं.

तुमच्या हातात आज फोन आहे. दहा सेकंदांत गाणं आवडलं नाही, की बोट पुढे! म्हणून एक गंमत करा. आई-बाबांना विचारून त्यांच्या आवडीचा एक अल्बम घ्या. आठवडाभर रोज एकदा, मधलं काहीही न गाळता ऐका. आठव्या दिवशीही नाही आवडला, तर खुशाल सोडून द्या. पण पहिल्याच दिवशी पुसू नका. घरात दुसरं कुणीतरी तो गुपचूप ऐकत असेल!