गारा

आज लिहायला बसलोय ते सायकलवर. पंचाहत्तरीच्या माणसाने डोंगरातल्या सायकलस्वारीवर लिहावं हा विनोदच आहे, पण करणार काय, नातू त्यातला. आणि त्याच्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट वर आली, जी मी घरातही कधी बोललो नव्हतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलाने कॅलिफोर्निया सोडलं आणि सिएटलजवळ घर केलं. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे गेलो. नातू तेव्हा पंधरा वर्षांचा. कॅलिफोर्नियात असताना हा पोरगा शनिवार-रविवारी घरात दिसायचा नाही. जाड टायरची माउंटन बाइक घेऊन टेकड्यांवर. इथे मात्र सायकल गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आबा, इथली माती बेकार आहे."

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "माती-बिती काही नाही हो बाबा. दोनदा पडला म्हणून घाबरलाय. सबब आहे नुसती."

'सबब' हा शब्द ऐकला आणि माझा घास हातातच राहिला. का, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी नातवाला म्हटलं, चल, दाखव मला तुझी बेकार माती. मी मराठी आणि भूगोल शिकवलेला माणूस, माती बघायला कधीही तयार. सूनबाईंनी आम्हाला टायगर माउंटन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. सायकलवाल्यांच्या वाटेच्या कडेकडेने आम्ही चालत निघालो. त्या वाटेला ते ट्रेल म्हणतात.

वर डग्लस फर आणि सीडरची उंचच उंच झाडं, खाली ऊन नाहीच. जमीन तपकिरी आणि मऊ, पाय टाकला की स्पंजासारखी दबणारी. हिला इथले सायकलवाले 'लोम' म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. मी पुस्तकात शिकवलेली लोम म्हणजे आपला पोयटा, वाळू, गाळ आणि चिकणमातीचं मिश्रण. ही तर बरीचशी कुजलेली पानं आणि लाकूड! पण टायर तिच्यात छान रुततो, म्हणून नाव लोम. असो.

अडचण मातीची नव्हती, तिच्यातून वर आलेल्या मुळांची होती. मनगटाएवढी मुळं, वाटेला तिरकी, पावसाने ओली. नातू म्हणाला, "साबण आहे आबा, साबण. आणि ब्रेक दाबला की संपलंच."

पाऊस किती पडतो म्हणाल, तर सिएटलला वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर. आमच्या रत्नागिरीला ३००० च्या वर पडतो. पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि हा ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पिरपिरत राहतो. झाडांखालची जमीन वाळायला वेळच मिळत नाही.

मग त्याने मला कॅलिफोर्नियाची माती सांगितली. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळ्याचे पाच-सहा महिने जवळजवळ कोरडे. जमीन भाजून विटेसारखी होते, वर पिठासारखी धूळ आणि बारीक खडी. तिथे शिकायचं काय, तर वळणाआधी सरळ असतानाच ब्रेक दाबून वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. टायरला हवा जरा जास्त, नक्षी बुटकी आणि दाट. पहिला पाऊस पडून गेला की एक-दोन दिवस माती अशी काही जमते, की साधा सायकलस्वारही वीर वाटावा. म्हणून तिला 'हीरो डर्ट' म्हणतात. वर्षभर ही मुलं त्या दिवसांची वाट बघतात. पाऊस जास्त झाला की तीच चिकणमाती चाकाला धरते, आणि काही उद्यानांत ट्रेल सायकलींना बंद करतात.

पुढचे चार दिवस मी या विषयावर वाचत बसलो. या खेळाचा जन्म त्याच कोरड्या टेकड्यांतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीत, काही तरुण १९७६ पासून आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावरून जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावर सोडायचे. सुमारे ३ किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि ते परत भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. रुंद, कोरडा, उतरता रस्ता, म्हणून तिथे आवड लागली ती वेगाची.

आता सिएटलच्या उत्तरेला व्हँकुव्हरकडे या. तिथे ओली दलदल, मुळं, दगड आणि आडवी पडलेली झाडं. तिथल्या लोकांनी १९८० आणि ९० च्या दशकांत सीडरच्या फळ्या चिरून चिखलावरून अरुंद लाकडी पूल टाकले. चाक घसरू नये म्हणून त्यावर जाळी ठोकली. पुढे तो पूल हाच खेळ झाला. म्हणजे ज्या जमिनीवरून वेगाने जाता येत नाही, तिथे तोल सांभाळण्याची गोडी लागली.

आणि युटा राज्यातलं मोआब. तिथे माती नाहीच, उघडा वालुकाश्म. ट्रेलचं नाव 'स्लिकरॉक', निसरडा दगड. मुलगा नातवाला एकदा तिथे घेऊन गेला होता. मी म्हटलं, मग तिथेही घसरलास का? तो हसला. "नाही आबा, टायरला तो सँडपेपरसारखा आहे. भिंतीसारखा चढ पण चढता येतो." मग निसरडा का म्हणतात? तर हे नाव घोडेवाल्यांच्या काळातलं. लोखंडी नाल त्यावरून घसरायचे. दगड तोच, एकाला निसरडा, दुसऱ्याला धरून ठेवणारा.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते.

मी कोकणातला. जांभ्यावरची तांबडी माती, पाऊस थांबला की तासाभरात अंगण चालायला मोकळं. बी.ए. झालो आणि १९७३ च्या जूनमध्ये, दुष्काळाच्या पाठोपाठ, बीड जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. वय बावीस-तेवीस. जुलैत चांगला पाऊस झाला. आठवीतला एक मुलगा, लांबच्या वस्तीवरून सायकलने येणारा, दुसऱ्या तासाला पोचला. गुडघ्यापर्यंत काळा. उशीर का, विचारलं. म्हणाला, "सर, गारा लई होता."

मी बाहेर पाहिलं. जुलै महिना, आणि गारा? मला वाटलं, धडधडीत खोटं बोलतोय, आणि तेही चुकीच्या व्याकरणात. म्हटलं, "सबब सांगतोस? आणि गारा होता नाही, गारा पडल्या म्हण." हातावर दोन छड्या दिल्या आणि 'गारा पडल्या' हे वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. त्याने निमूट लिहिलं. त्यानंतर तो सायकल आणायचा बंद झाला. पहाटे निघून चालत यायचा, वेळेवर.

महिन्याभराने एका पालकाकडे जायला मी मुख्याध्यापकांची सायकल घेतली. शेतातल्या वाटेवर शंभर पावलं गेलो नसेन, काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसली की चाक फिरेना. काडीने काढायची, वीस पावलं जायचं, परत काढायची. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. बांधावरचा म्हातारा म्हणाला, "सर, गाऱ्यात कशाला घातली सायकल?"

तेव्हा कळलं. तिकडे गारा म्हणजे चिखल.

हे सगळं त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मुलगा काही बोलला नाही. पण रविवारी नातवाला घेऊन दुकानात गेला. मऊ रबराचे, उंच आणि विरळ नक्षीचे टायर आणले. हवा कमी ठेवायची, मुळावर ब्रेक धरायचा नाही, शक्यतो मूळ काटकोनात ओलांडायचं, हे सगळं पोरगा पडत-झडत शिकला. टायर बदलले म्हणून लगेच जमलं असं नाही. नोव्हेंबरभर कपडे धुऊन सूनबाई वैतागल्या. मार्चमध्ये आम्ही निघालो तेव्हा सायकल भिंतीवर नव्हती.

नंतरच्या उन्हाळ्यात तो जुन्या मित्रांकडे कॅलिफोर्नियाला गेला होता. तिथून फोन. "आबा, इथे नुसती धूळ आहे. काही मजा नाही." मी इतका हसलो की ही आतून बघायला आली.

आवड म्हणजे आपण निवडलेली गोष्ट असं आपल्याला वाटतं. बरीचशी ती पायाखालच्या जमिनीने शिकवलेली असते. आणि जमिनीबद्दल कोणी तक्रार केली तर आधी ती जमीन बघून यावी, सबब म्हणू नये. मला हे कळलं होतं, पण मी वर्गात तसं म्हणालो नाही. बावीस वर्षांच्या मास्तराला चूक कबूल करणं जमलं नाही, आणि पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली.

तो मुलगा आता पासष्टीचा असेल. नाव लक्षात आहे, इथे लिहीत नाही. कुठे भेटलाच तर एवढंच सांगायचंय की वाक्य तुझं बरोबर होतं. गारा होता. पुल्लिंग, एकवचन.