काही मायक्रॉनांचं देणं

भेल म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीपायी वडील विदर्भातून भोपाळला आले आणि आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी मात्र भेलच्या आधारानं उभ्या राहिलेल्या गोविंदपुऱ्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. आयटीआय झालो होतो, पण टूल म्हणजे ब्रेझ केलेली कार्बाइडची टिप, एवढंच ठाऊक. ती बोथट झाली की काढायची, हिरव्या चाकावर धार लावायची, पुन्हा सेंटरला बसवायची. पाळीचा बराच वेळ त्यातच जाई.

वर्कशॉपमधल्या उस्तादांनी सोनेरी इन्सर्ट, म्हणजे धार न लावता कोपरा फिरवून वापरायची सुटी टिप, पहिल्यांदा हातावर ठेवला तेव्हा मला तो नुसता मुलामा वाटला. ते हसले नाहीत. “रंग मत देख बेटा, चिप देख,” एवढंच म्हणाले. चिप कशी तुटते, कोणत्या रंगाची पडते, कटचा आवाज कधी बदलतो, कोपरा कधी फिरवायचा, हे सारं त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं.

पुस्तकातलं मागाहून कळलं. कार्बाइड १९२० च्या दशकात जर्मनीत आलं. त्यावर टायटॅनियम कार्बाइडचा लेप चढवलेले इन्सर्ट १९६९ च्या सुमारास बाजारात आले. सुमारे हजार अंशांच्या भट्टीत वायूंतून बसणारा हा थर जेमतेम काही मायक्रॉनांचा. पुढे ॲल्युमिनाचा थर आला आणि आतल्या कार्बाइडला उष्णतेपासून आडोसा मिळाला. माझा तो ‘मुलामा’ म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. कोपरा किती झिजला ते त्याच्यामुळे चटकन दिसतं.

माझं घर चाललं ते मात्र पीव्हीडी या दुसऱ्या, निर्वातातल्या पद्धतीनं लेप दिलेल्या जांभळट-काळ्या इन्सर्टांवर. टर्बाइनचं तेरा-चार (तेरा टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल) स्टेनलेस टूलच्या कडेला चिकटून बसायचं. पीव्हीडीचा लेप कमी तापमानात आणि पातळ बसतो, त्यामुळे कड तीक्ष्ण ठेवता येते. मालक आधी नाकारायचे ती कामं घेऊ लागले. माझा पगार वाढला, मुलगी इंजिनिअरिंगला गेली. यात माझी हुशारी थोडीच. लेप शोधणाऱ्यांची नावंही मला सांगता येत नाहीत, आणि उस्तादांना गुरुदक्षिणा द्यायची राहिली ती राहिलीच.

संपलेले इन्सर्ट उस्ताद लोखंडाच्या भंगारात कधी जाऊ देत नसत. वेगळ्या डब्यात ठेवत. लेथवरच्या नव्या पोरांनो, तुम्हीही तसंच करा. सगळे कोपरे वापरा आणि मग ते वेगळे विका. त्यातलं टंगस्टन आणि कोबाल्ट पुन्हा काढता येतं.