बेसवाला

शाळेच्या बँडमध्ये सगळ्यात जास्त भाव कोणाला? अर्थात बिगुलवाल्यांना! बिगुलाला बटणं नसतात, सगळे सूर नुसत्या ओठांनी आणि दमाने काढायचे. ज्याला ते जमलं तो शाळेचा हीरो. त्यानंतर नंबर आम्हा साइड ड्रमवाल्यांचा. खांद्यावरून तिरका पट्टा, डाव्या मांडीवर ड्रम आणि तिथेच कायमचा एक काळानिळा डाग. आई तो बघून कपाळाला हात लावायची. मला मात्र तो डाग म्हणजे मेडल वाटायचा.

बेस ड्रमकडे कोणी बघायचंच नाही. पोटावर भलामोठा ड्रम बांधलेला एक मुलगा, बस्स!

पुण्यातल्या आमच्या मराठी शाळेत हा बेसवाला माझ्याच वर्गात होता. शेवटचा बाक आणि बीजगणिताशी उभा दावा. पावणेसातच्या प्रॅक्टिसला आम्ही डोळे चोळत पोहोचायचो, तेव्हा हा आधीच येऊन ड्रमचे दोर ताणत बसलेला असायचा. १५ ऑगस्टच्या सुमारास दमट हवेने चामड्याचं पान सैल पडतं आणि 'धम्' ऐवजी 'भद्' वाजतं. ते ठीक करायचं काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याचा हिशोब एकदम सोपा. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावलं. बेस वाजतो डाव्या पायावर. म्हणजे मिनिटाला ६० ठोके, सेकंदाला एक. "घड्याळच आहे गं, फक्त जरा जाडं," तो म्हणायचा. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या मुलाचं हे गणित कधीच चुकलं नाही.

नववीत सहामाहीचा निकाल लागला आणि शाळेने नवा नियम काढला. एका जरी विषयात नापास, तर बँड बंद! याचे दोन विषय उडालेले. आम्ही चौदा जण ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिलो. पीटीच्या सरांनीही रदबदली केली. उत्तर मिळालं, "बँड वाजवून पोट भरणार आहे का त्याचं?"

त्याच्या जागी वर्गात तिसरा येणारा मुलगा आला. बिचारा मनापासून वाजवायचा. पण २६ जानेवारी २०११ ला समोर बसलेले पालक आणि पाहुणे बघून घाबरला आणि त्याचा ठोका पळायला लागला. बिगुलवाल्यांना दम पुरेना, मागच्या सहावीच्या पोरांचे पाय अडखळायला लागले. आम्ही झेंड्यासमोर कदमताल करत होतो. मी मान न वळवता बाजूला पाहिलं. वर्गाच्या रांगेत तो सावधानमध्ये उभा होता आणि उजव्या हाताचं एक बोट पँटच्या शिवणीवर हलत होतं. सेकंदाला एक. मी त्या बोटावर नजर ठेवून माझ्या काठ्या सावरल्या. माझ्या एकटीच्या सावरल्या, बँड काही सावरला नाही.

दहावीत बँड सगळ्यांनाच बंद. तो पुन्हा बेसला हात न लावताच शाळेतून बाहेर पडला.

मध्यंतरी विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तो दिसला. ढोल-ताशा पथकात! हातात ढोल नाही, ताशा नाही. तो टोल वाजवत होता, टांगलेली ती जाड धातूची तबकडी, जिच्या आवाजावर सगळं पथक लय धरतं. सगळे मोबाइल कॅमेरे ध्वज नाचवणाऱ्यांकडे वळलेले. मला बघून त्याने भुवया उडवल्या, पण हात थांबला नाही. पथक पुढे सरकलं.

पुढच्या अ‍ॅप्रेझलच्या वेळी टीमचे फॉर्म भरताना मला तेच आठवत होतं. 'लीडरशिप'ला कॉलम, 'इनिशिएटिव्ह'ला कॉलम. आमच्या टीममध्ये एक शांत मुलगी आहे. मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही, प्रेझेंटेशन तर नकोच म्हणते. पण डेडलाइन जवळ आली की कोणाचं काय राहिलंय ते तिलाच माहीत असतं, आणि ती सुट्टीवर गेली की आमची सगळ्यांची पळापळ होते. ह्याला कुठला कॉलम? शेवटी रिमार्कच्या चौकटीत मावेल तेवढ्या बारीक अक्षरात मी ते लिहून टाकलं.

तुमच्या टीमचा बेसवाला कोण आहे? पुढच्या फॉर्मच्या आधी जरा आठवून ठेवा.