दीपस्तंभाकडे पाहताना

गतवर्षी चातुर्मासाच्या आरंभी आमच्या देवस्थानच्या जुन्या वह्या संगणकावर उतरवून काढण्याचे काम मी अंगावर घेतले. कागदाला कसर लागलेली, शाई फिकटलेली. आणखी दोन पावसाळे त्या टिकतील असे वाटत नव्हते. पंधरवडा उलटला नाही तोच दिवेलागणीच्या सुमारास डोके ठणकू लागले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होई. घरी पित्ताचा संशय आला. कपाळावर सुंठीचा लेप झाला. मला मात्र निराळेच भय होते. तीर्थरूपांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. शेवटी शेवटी ते हातात पोथी नुसती धरीत आणि अध्याय मुखोद्गत म्हणत. तोच वारसा आपल्याकडे आला, असे मनाने घेतले; पण कोणापाशी बोललो नाही.

अखेर नेत्रवैद्यांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांतील दाब मोजला, आतील शिरा तपासल्या आणि म्हणाले, "काचबिंदू नाही. तो बहुधा डोके न दुखवताच येतो. म्हणून वडिलांना होता तर तुम्ही नियमाने तपासून घेत चला. ही डोकेदुखी तुमच्या बसण्याची आहे. पडदा पाहताना हनुवटी वर करता का?"

करीत होतो खरा! माझ्या दुहेरी चष्म्यात वाचण्याचे भिंग खाली, आणि संगणकाचा पडदा उंचावर. त्या भिंगातून पाहण्यासाठी दिवसभर मान मागे टाकली जाई. दुसरे कारण पापण्यांचे. एरवी माणूस मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी लववितो. पडद्यावर दृष्टी खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि डोळा कोरडा पडतो.

उपाय साधेच निघाले. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा केला. पडदा हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली आणली. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू नये म्हणून मेज आडवे फिरविले, अक्षरे मोठी केली, पंख्याचा वारा तोंडावरून काढला. भाच्याने निळा प्रकाश अडविणारा चष्मा सुचविला होता. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेनच्या आढाव्यात अशा चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे आढळले नाही, म्हणून तो खर्च वाचविला.

सर्वांत गोड पथ्य शेवटचे: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, म्हणजे जवळच्या कामाने आखडलेला डोळ्यातील स्नायू सैल होतो. माझ्या खिडकीतून देवळाचा दीपस्तंभ दिसतो. त्याचे मजले खालून वर सावकाश मोजले की वेळ भरते.

डोकेदुखी महिन्याभरात ओसरली. तीन वह्या पुऱ्या झाल्या, दोन उरल्या आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला दीपस्तंभ उजळला, तेव्हा मात्र मजले मोजले नाहीत. तीर्थरूप अखेरच्या वर्षी तेथेच उभे होते. तेलाच्या वासावरून दिवे लागल्याचे त्यांनी ओळखले होते. मी त्यांच्या वाटचेही पाहून घेतले.