पुन्हा त्याच गल्लीतून

आमच्या मुखेडात सिनेमाची जाहिरात सायकलरिक्षातून यायची. दोन्ही अंगांना बांबूच्या ताट्या, त्यांवर खळीनं चिकटवलेली पोस्टरं, टपावर भोंगा आणि आत पायाशी बॅटरी घेऊन बसलेले चाचा. बसस्टँडावरून निघालेली रिक्षा बाजारातून वीरभद्राच्या देवळाकडं वळायची आणि मग एकेका गल्लीत शिरायची. आठवडी बाजाराच्या दिवशी तांड्यांवरून, खेड्यापाड्यांवरून माणसं आलेली असायची, त्या दिवशी चाचांच्या आवाजाला वेगळीच धार असे. तंबूचं टॉकीज गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उभं राहायचं, सुगी होऊन लोकांच्या हातात चार पैसे आले की. रिक्षामागं पळणाऱ्या पोरांत मी असायचो. आज बावीस वर्षं झाली, मुंबईत मी ट्रेलर कापतो. हे काम कुठं शिकलास असं कुणी विचारलं, तर मला आधी ती रिक्षा आठवते.

चाचा गोष्ट कधीच सांगत नसत. सिनेमाचं नाव, नटनट्यांची नावं, वेळ, आणि एक कबुली: आत गेल्यावर काय मिळेल त्याची. 'माहेरची साडी' १९९१ साली आला. आमच्या तंबूत पोचायला त्याला आणखी वेळ लागला. तोवर त्याची कीर्ती पुढं आली होती. चाचा भोंग्यातून सांगत फिरले, "बायांनो, पदर कोरडा घेऊन या, ओला करून जा." बाया बैलगाड्या जुंपून आल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षा गल्लीत आली तेव्हा ओट्यावर बसलेल्या माझ्या मावशीचे डोळे सुजलेले होते, आणि तिनं चाचांना थांबवून तांब्याभर पाणी दिलं. जे सांगितलं होतं ते मिळालं होतं.

एकदा मात्र उलटं झालं. मारधाडीचा एक हिंदी सिनेमा आला होता. चाचांनी गावभर सांगितलं, चौदा फायटिंग आहेत. आम्ही पोरं बोटांवर मोजत बसलो. एकाच्या हातात दोरीच होती, फायटिंग झाली की गाठ मारायची. अकरा गाठी झाल्या आणि पडद्यावर सनई वाजायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी रिक्षा अडवली आणि ती दोरी चाचांपुढं धरली. चाचांनी खाली उतरून अकरा गाठी स्वतः मोजल्या. म्हणाले, "मी कुटं बगितलो पोरांनो, मालकानं सांगितलं तसं बोललो." आणि त्या दिवसापासून चाचा पहिल्या रात्री सिनेमा स्वतः बघायचे, मगच दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा काढायचे. मालकाची एक दिवसाची जाहिरात बुडायची, त्यावरून कुरबुरही झाली. पण चाचांना पुन्हा त्याच गल्लीतून जायचं होतं.

तंबूच्या दाराशी काचेच्या पेटीत फोटोसेट लावलेला असे. सिनेमातले दहा-बारा प्रसंग. आत शिरण्याआधी आम्ही ते पाठ करायचो आणि बाहेर आल्यावर पुन्हा पेटीपाशी जाऊन एकेक फोटो तपासायचो, हा आला, हा आला, हा नाही आला. न आलेल्या फोटोवरून रात्रभर तर्क चालायचे. ऑपरेटरनं रीळ गाळलं, की तुटलं, की मुळातच नव्हतं. मला तेव्हापासून त्या न आलेल्या फोटोचं वेड आहे.

आता माझ्या टेबलावर येतो. सिनेमा माझ्याकडं येतो तेव्हा तो बहुतेकदा पुरा झालेला नसतो. तीन तासांचा कच्चा कट, कोपऱ्यात वेळेचे आकडे पळतात, संगीत उसनं लावलेलं, काही ठिकाणी नायकामागं नुसता हिरवा पडदा. पहिल्यांदा मी तो मध्ये न थांबता बघतो, वही बंद ठेवून. चाचांची पहिली रात्र म्हणा हवं तर. दुसऱ्यांदा वही उघडतो. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे. एका सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर अडीच लाखांहून जास्त चौकटी होतात. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये मावतात ३,६००. म्हणजे सत्तरांतली एक ठेवायची आणि एकोणसत्तर टाकायच्या. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. कुठलं शीत काढायचं एवढंच माझ्या हातात. ते शीत त्याच भांड्यातलं असलं पाहिजे.

आणि इथंच हात घसरतो. कसा, ते एका उदाहरणानं सांगतो. सिनेमात एक आई दाराकडं बघते. चार सेकंद. मुलगा येणार नाही हे तिला कळून चुकलंय. हा शॉट मी उचलला आणि त्याच्या आधी मोटारसायकलचा आवाज टाकला, मागून ढोलकीचा एक ठेका. झालं. तीच बाई, तीच नजर, आणि आता ती लेकाची वाट बघून सुखावलेली दिसते. एक चौकटही खोटी नाही. दिग्दर्शकानं घेतलेलीच आहे, नटीनं केलेलीच आहे. खोटं आहे ते दोन चौकटींच्या सांध्यात, आणि सांधा कुणाला दिसत नसतो.

हे मी केलेलं आहे. सिनेमाचं नाव घेत नाही. मुलीच्या लग्नासाठी जमीन विकणाऱ्या बापाचा सिनेमा होता, संथ, चांगला. निर्मात्याचं म्हणणं पडलं, रडकं कुणी बघत नाही, हसवा. सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात हसू येईल अशा चार जागा होत्या. मी चारही काढल्या, ठेक्यावर बसवल्या, शेवटी बापाचा एक मोठा सुस्कारा गमतीचा वाटेल असा ठेवला. ट्रेलर चालला. शुक्रवारी थेटरं बरी भरली, रविवारी ओस पडली. मावशी शेजारणींना घेऊन एसटीनं नांदेडला गेली होती, भाच्यानं काम केलेला पिच्चर म्हणून. मावशीनं स्वतः दोन एकर विकून लेकीचं लग्न केलेलं. रात्री फोन आला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हसायला म्हनून गेलते रे बाबा. घरचंच बगून आले."

त्या वाक्यानंतर मी काही दिवस कामावर गेलो नाही. त्या सिनेमात रडायला तिची ना नव्हती. 'माहेरची साडी'ला ती ठरवूनच रडायला गेली होती. आपण कशासाठी मन उघडून बसणार आहोत हे माणसाला आधी कळावं लागतं, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं.

प्रेक्षकाला फसवल्याचा हा प्रश्न आपल्या मराठवाड्यातूनच थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे फार जणांना माहीत नसतं. एप्रिल २०१६ मध्ये शाहरुख खानचा 'फॅन' आला. त्याच्या जाहिरातींत 'जबरा फॅन' हे गाणं सारखं वाजत होतं, आणि सिनेमात ते नव्हतंच. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एक शिक्षिका घरच्यांना घेऊन सिनेमाला गेल्या होत्या. गाणं आलं नाही म्हणून त्यांनी ग्राहक मंचाकडं दाद मागितली. जिल्हा मंचानं तक्रार फेटाळली. राज्य आयोगानं २०१७ मध्ये ती मान्य केली आणि यशराज फिल्म्सनं १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च द्यावा असा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगानंही तो उचलून धरला. शेवटी २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. ट्रेलर हा प्रेक्षकाला तिकीट काढायला प्रवृत्त करण्यासाठी असतो, तो करार नाही आणि सिनेमात अमुक असेलच असं वचनही नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

कायदा म्हणून मला हा निकाल पटतो. ट्रेलर निघतो तेव्हा सिनेमा अजून कापला जात असतो. ट्रेलरमधला शॉट शेवटच्या आठवड्यात उडाला, असं माझ्या कामात कितीदा झालंय. प्रत्येक उडालेल्या शॉटसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली तर ट्रेलर कापायला कुणी हात लावणार नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये एका न्यायाधीशानं उलट मत दिलं होतं, ट्रेलर ही जाहिरात आहे आणि खोट्या जाहिरातीचा कायदा तिला लागू होऊ शकतो म्हणून. तिथं 'यस्टरडे' या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये दिसलेली नटी सिनेमातून वगळली गेली होती. तो खटलाही पुढं टिकला नाही.

पण त्या शिक्षिकेची बाजूही माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या तक्रारीला हसणारे पुष्कळ भेटले. मला त्यांच्यात दोरीच्या अकरा गाठी घेऊन उभी राहिलेली पोरं दिसतात.

आणि मग 'फँड्री' घ्या. १४ फेब्रुवारी २०१४ ला आला. त्याच्या आधी अजय-अतुल यांचं विंचवाचं गाणं गावोगाव वाजत होतं, आमच्या बसस्टँडावरच्या पानपट्टीवरसुद्धा. ते गाणं सिनेमात नाही. फक्त जाहिरातीसाठी केलेलं. कोणी तक्रार केली? मला तरी कुणी भेटलं नाही. मी विचार करत राहिलो, एका ठिकाणी गाणं न आल्याची रुखरुख का आणि दुसऱ्या ठिकाणी का नाही. माझं उत्तर असं आहे. त्या गाण्यातली कळ सिनेमातल्या जब्याची होती. शालूकडं लांबून बघणारा, जवळ जायचं धाडस नसलेला पोरगा त्या गाण्यात पुरा होता. सिनेमात गाणं नसलं तरी कळ होती, गाण्यापेक्षा जास्त होती, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर आला. गाणं गेलं, पण भांडं तेच होतं.

हिचकॉकनं १९६० मध्ये 'सायको'च्या ट्रेलरमध्ये असंच केलं. सहा-साडेसहा मिनिटं तो स्वतःच मोटेलमध्ये फिरून एकेक खोली दाखवतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि एक बाई किंचाळते. ती सिनेमात तिथं मरणारी जेनेट ली नाहीच, टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे तो शॉट सिनेमात नाही. तरी मी हा ट्रेलर खरा मानतो, कारण त्यानं जी भीती सांगितली तीच आत मिळते.

'सैराट'बद्दल मी अनेकांशी वाद घातलाय. पुष्कळांचं म्हणणं, तिथं तर सरळ फसवणूक होती, गाण्यांवर नाचवत आत नेलं आणि शेवटी काळीज काढून घेतलं. मी हे मान्य करत नाही. शेवट सांगायचा नसतोच. पण आर्चीचा तोरा, परश्याचं वेडेपण, गावातल्या पाटलांचा दरारा हे सगळं आधी दिसलेलं होतं. तो शेवट याच साहित्यातून शिजून आला. बाहेरून आणून टाकलेला नव्हता. मावशीनं 'सैराट' बघितला तेव्हाही ती रडली, आणि दुसऱ्यांदा बघायला गेली.

जाहिरातीतल्या अतिशयोक्तीचंही मला वावडं नाही. आपल्या सिनेमाच्या सुरुवातीची जाहिरातच तशी होती. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. दादासाहेब फाळक्यांनी सुरतेत केलेली त्याची जाहिरात सांगितली जाते, ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि फक्त तीन आण्यांत. आमच्या धंद्यात फिल्मच्या एका फुटाला सोळा चौकटी धरतात. हिशेब केला तर ५७,००० चौकटींची पट्टी साडेतीन हजार फुटांच्या आसपास भरते, मैलाला बरीच कमी. पण पडद्यावर हलणारा हरिश्चंद्र बघून बाहेर आलेल्या कुणाला ती पट्टी मोजावीशी वाटली नसेल. आणि फाळक्यांचा खरा ट्रेलर त्याच्याही आधीचा आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याचं रोप वाढताना दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. एवढ्याशा फिल्मला मी सगळ्यात प्रामाणिक ट्रेलर म्हणतो. मला हे येतं, एवढंच तीत सांगितलं होतं.

आता मी कामाआधी दोन गोष्टी मागून घेतो. सिनेमा पुरा बघायला मिळाला पाहिजे, निवडक प्रसंगांची फाइल पाठवून चालणार नाही. आणि पहिला कट मी उसन्या संगीताशिवाय, सिनेमातल्याच आवाजावर लावतो. भांडी, पाऊस, बैलांच्या घंटा, माणसाचा श्वास. त्यातून सूर आपोआप कळतो. यापायी दोन कामं हातची गेली. आणखीही जातील.

गेल्या दिवाळीत मुखेडला होतो. रिक्षाचं काम सुटलं, चाचाही कधीच गेले, तंबूच्या रानात आता प्लॉट पडलेत. बसस्टँडावर तीन पोरं एका मोबाईलवर ट्रेलर बघत होती. एक म्हणाला, "टेलर लई भारी हाय." दुसरा लगेच म्हणाला, "मंग पिच्चर भंगार आसंल." हे वाक्य मला लागलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं इतकं ठाम बोलतं, याचा अर्थ ते अनेकदा फसलेलं आहे, आणि फसवणाऱ्यांत मी आहे. चाचांसमोर पोरं दोरी घेऊन उभी राहू शकत होती. माझ्यासमोर हा पोरगा कधी येणार?

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती करतो. सिनेमा बघून घरी आलात की त्याचा ट्रेलर पुन्हा एकदा लावा. अडीचच मिनिटं लागतात. जे सांगितलं ते मिळालं असेल तर चार जणांना तसं सांगा. आणि मिळालं नसेल, तर गप्प बसू नका. त्या ट्रेलरखाली चार ओळी लिहा. आम्ही त्या वाचतो.